अकरा जणांची होडी

१

गुरुवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते. आंघोळ, चहा, बुद्धवंदना आणि आईची रक्तदाबाची गोळी एवढं उरकलं की मी पुस्तकांच्या खोलीत जातो. आधी कपाटाच्या काचा सुक्या फडक्याने पुसतो. मग एकेक पुस्तक बाहेर काढून कणा बघतो, पानांत कसर किंवा बुरशी नाही ना ते तपासतो, रजिस्टरमध्ये तारीख टाकतो आणि परत ठेवतो. मुळशीच्या हवेत कागद टिकवायचा तर याला पर्याय नाही. पावसाळ्यात इथे वहीचं पान भिजल्या पापडासारखं होतं.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वय बावन्न, शिक्षण दहावी. पुढचं जे काही येतं ते वाचून आलं. डायरी तेराव्या वर्षापासून लिहितो. हे सांगण्याचं कारण एवढंच की पुढचा मजकूर आठवणीवर विसंबून लिहिलेला नाही. त्या त्या दिवसाच्या नोंदी समोर उघड्या आहेत.

कपाटात एकाच लेखिकेची पुस्तकं आहेत, हेस्टर कॉलव्हिन. विलायतेतल्या एका खेड्यातली शाळामास्तरीण. तिने पाच अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या आणि वारली. तिची पहिली कादंबरी 'लँटर्न वॉटर' बऱ्याच भाषांत गेली, मराठीत आली नाही. माझ्याजवळ तिच्या एकतीस प्रती आहेत, सव्वीस भाषांतल्या. त्यातल्या पंचवीस भाषा मला येत नाहीत.

माझी बायको तृप्ती घोटावड्याच्या अंगणवाडीत सेविका आहे. पाहुणे आले की ती त्यांना मुद्दाम ही खोली दाखवते आणि सांगते की वाचता न येणारी पुस्तकं पुसून ठेवणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच आहे, बघून घ्या. पाहुणे हसतात. मीही हसतो. पण मी ती पुस्तकं वाचत नाही असं नाही. मी ती मोजतो. स्टोअरमध्ये येणारा प्रत्येक सुटा भाग कुठल्या यंत्रात बसतो हे मला कुठे ठाऊक असतं? चलनावरचा आकडा आणि खोक्यातला आकडा जुळला की माझं काम झालं. पुस्तकाचंही तसंच. प्रकरणं किती, पानं किती, चित्रं किती. आणि नवव्या प्रकरणात होडीत माणसं किती.

२

नववं प्रकरण असं आहे. तळ्यावर दाट धुकं आहे. होडीत बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत आणि हजेरी पुरी झाल्याशिवाय होडी सुटत नाही. नावाडी फक्त पहिल्याला हाक मारतो. पहिला 'हजर' म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो. ज्याने ओ दिली त्याने पुढच्याला बोलवायचं, हा त्या होडीचा नियम. अकरा हाका होतात, अकरा उत्तरं येतात आणि दोर सुटतो.

परकी भाषा न येणाऱ्याला हे पान सोन्यासारखं आहे. ओळीच्या सुरुवातीला एक आडवी रेघ, मग एकच शब्द, असं अकरा वेळा. माझ्या वहीत त्या शब्दांची यादी आहे. फिनलंडवाले म्हणतात 'तॅल्ला', हंगेरीचे 'इट', पोलंडचे 'येस्तेम', तुर्कांचं 'बुरादा', पोर्तुगीजांचं 'अकी'. मला जगातल्या सव्वीस भाषांत हजेरी देता येते, बाकी एक वाक्य बोलता येत नाही.

सोळा जानेवारीला इस्टोनियन प्रत आली. टॅलिन गावातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने ती तपकिरी कागदात इतकी नीट बांधली होती की कागदसुद्धा मी घडी करून ठेवला. निळी कापडी बांधणी, सत्त्याण्णव सालची छपाई. नववं प्रकरण काढलं. रेघ, 'सीन'. रेघ, 'सीन'. पेन्सिलीच्या टोकाने मोजत गेलो.

रेघा बारा होत्या.

अकरा वेळा 'सीन' आणि बाराव्या रेघेपुढे वेगळाच शब्द, तीन अक्षरांचा. एच, ए, आय. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर तो शब्द घातला. उत्तर आलं, शार्क मासा.

मला हसू आलं. रजिस्टरमध्ये नोंद केली: 'इस्टोनियन. पान १३१. उत्तरं १२. छपाईची चूक असावी.' मग पुस्तक कपाटात ठेवलं आणि हात धुऊन जेवायला बसलो. तृप्तीने बाजरीची भाकरी केली होती. दुसऱ्या घासाला मी थांबलो, कारण तो शब्द मी आतापर्यंत नुसता पाहिला होता, मनात उच्चारला नव्हता.

हाय.

३

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याकाठी होतं. माझा थोरला भाऊ किसन माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शाळेत गुरुजी हजेरी घेत तेव्हा 'हजर' म्हणायचं असे. किसन 'हाय' म्हणे. गुरुजी छडी मारत आणि विचारत, 'काय म्हणायचं?' तो हात चोळत म्हणे, "हितं हाय की गुर्जी, दिसत न्हाई व्हय?" वर्ग हसे, त्याला आणखी एक छडी बसे. चौथीपासून सातवीपर्यंत हे रोज चाललं. त्याने शब्द बदलला नाही.

'लँटर्न वॉटर' त्यानेच आणलं. पौडच्या बाजारात रद्दीवाल्याच्या ढिगातून, मुखपृष्ठ नसलेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन तो मला ते एकेक ओळ उलगडून सांगायचा. नवव्या प्रकरणात अकरा जणांपुढे त्याने पेन्सिलीने आकडे घातले आणि खाली लिहिलं, '१२. किसन.' ती प्रत माझ्या रजिस्टरमध्ये पहिल्या नंबरवर आहे.

आमच्या आईने, गोजराबाईने, आम्हा दोघांना एक गोष्ट घोकून घेतली होती. पाण्याकडून किंवा रानातून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. बाकीच्यांना दोनच्या वर येत नाही. लग्न होऊन आल्यावर तृप्तीलाही आईने हेच शिकवायचा प्रयत्न केला. तृप्तीला ते कधी जमलं नाही. ती पहिल्या हाकेलाच हातातलं टाकून 'आले' म्हणते. आई चिडायची, मग नाद सोडला.

मी तेरा वर्षांचा असताना, पौष महिन्यात, किसन मावशीकडून पलीकडच्या तीरावरून परत यायचा होता. सकाळचे आठ वाजले असतील. मी काठावर उभा होतो. धुक्यात पुढचं झाड दिसत नव्हतं. पाण्यावरून हाक आली, "पम्या." थोड्या वेळाने परत, "पम्या." आवाज किसनचा होता. मी तिसरीची वाट बघत उभा राहिलो.

तिसरी आली नाही. होडी बुडालेल्या खोडाला लागून कलंडली होती. अकरा माणसं काठाला लागली. नावाड्याने शपथेवर सांगितलं की अकराच बसले होते, अकराच निघाले, कोणी कमी नाही. किसन त्या होडीत होता हे सांगणारं कोणी नव्हतं. मी होतो. पण मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या रात्री मी डायरी लिहायला सुरुवात केली.

मी सगळं का मोजतो, हे तृप्तीला माहीत नाही.

४

भुकूमला एका नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर शैलेश राहतो. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, संगणक कंपनीत, कामासाठी वर्षातून दोनदा परदेशी. जुनी पुस्तकं जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर आमची ओळख झाली. कॉलव्हिन जमवणारे जिल्ह्यात आम्ही दोघंच असल्यामुळे मैत्री होणं भागच होतं. त्याच्याकडेही इस्टोनियन प्रत आहे, त्याच सालची.

पुढच्या गुरुवारी माझी प्रत पिशवीत घालून त्याच्याकडे गेलो. त्याने आपली काढली आणि दोन्ही शेजारी मांडल्या. त्याच्या पानावर अकरा, माझ्या पानावर बारा. तो बोट ठेवून दोनदा मोजत गेला.

"दादा, जॅकपॉट लागलाय तुम्हाला," तो म्हणाला. "छापता छापता कुणीतरी मजा केली असणार. तळ्यात शार्क. नंतर साहेबाने पकडलं असेल."

मी त्याला म्हटलं की तो शब्द आमच्या गावाकडे वेगळ्या अर्थाने वापरतात. तो हसला. हाय म्हणजे इंग्रजीत नमस्कार, जपानीत हो, हिंदीत उसासा, असं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. तीन अक्षरांचा शब्द जगात कुठेही सापडणारच, त्यात काय एवढं? मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायलाच मी गेलो होतो.

निघताना त्याने मला जपानी प्रत बघायला दिली, ओसाकाहून नुकतीच आणलेली. तिच्यात तर सगळे प्रवासी 'हाय'च म्हणतात, कारण तिकडे हजेरी तशीच देतात. ते बघून मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच सोफ्यावर बसून मोजलं. अकरा. शैलेशलाही मोजायला लावलं. अकरा.

घरी आल्यावर प्रत कपाटात ठेवण्याआधी सवयीने पुन्हा मोजलं. बारा होते.

चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. बारा. बाराही जण एकच शब्द म्हणत होते, त्यामुळे आधी नसलेला त्यांतला कोणता, हे ओळखता येत नव्हतं.

५

स्टोअरमध्ये हिशेब जुळला नाही तर आम्ही सगळा माल खाली काढतो. मी तेच केलं. एकतीस प्रती जमिनीवर सतरंजीवर मांडल्या, रजिस्टर उघडं ठेवलं. फिनिश, हंगेरियन, पोलिश, तुर्की, जॉर्जियन. इस्टोनियन सोडून प्रत्येकीसमोर माझ्याच अक्षरात '११' आणि बरोबरची खूण होती. काही नोंदी वीस वर्षांपूर्वीच्या. पानावर मात्र बारा. शेवटचा शब्द प्रत्येकीत त्या त्या लिपीत होता, पण फोनवर इंग्रजी अक्षरांत आणला की एकच.

फरक फक्त किसनच्या प्रतीत पडला नव्हता. तिच्यात अकरा छापील आणि एक पेन्सिलीतला, पूर्वी होते तसेच.

तृप्ती अंगणवाडीतून आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. काही न सांगता तिच्यासमोर पोलिश प्रत धरली आणि रेघा मोज म्हणालो. रोज चाळीस पोरं मोजायची सवय असलेली बाई ती. एका नजरेत सांगितलं, "बारा हायेत."

मी रजिस्टर दाखवलं.

"मग तवा चुकला असाल," ती म्हणाली. "देव तर न्हाई तुमी. उठा, चहा टाकते. आत्यांनी सकाळधरनं वालाची डाळ निवडायला घेतलीया, त्यातबी निम्मे खडे तसेच हायेत. मायलेकांना दोघांनाबी नंबर लागलाय डोळ्याचा."

एकोणतीस वेळा चूक होऊ शकते का, हे मी तिला विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसाला एवढी एकच गोष्ट येते. ती येत नाही असं निघालं तर मागे काय उरतं, हा विचार मी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिला आणि मग खोडला.

६

सहा फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी पावणेतीन. तृप्ती बैठकीला पौडला गेली होती. घरात मी आणि आई. आईची खाट मधल्या खोलीत असते, पुस्तकांची खोली तिला लागून, मध्ये पडदा.

माझ्या मनात आलं की डोळ्यांपेक्षा कानांनी मोजावं. ॲपमध्ये पानाचा फोटो काढला की ते त्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवतं. फिनिश प्रत निवडली, कारण तिची छपाई ठळक आहे. फोन टेबलावर ठेवला, पेन्सिल घेतली आणि बटण दाबलं.

एका बाईचा सपाट आवाज, बँकेच्या फोनवर असतो तसा. 'तॅल्ला.' थोडी शांतता, अगम्य शब्द, मग 'तॅल्ला.' मी रेघा ओढत गेलो. पाचाचा एक गठ्ठा झाला, दुसरा झाला. अकरावा 'तॅल्ला' आला. मग शांतता जरा लांबली. फोनची स्क्रीन मंद झाली, मी ती विझू नये म्हणून बोट लावलं. त्याच बाईने, त्याच सुरात म्हटलं:

"हाय."

आणि पडद्यापलीकडून आई म्हणाली, "आले रं. हितं हाय मी."

मी पडदा सारला. आई खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती. मांडीवर सूप, सुपात डाळ. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, पुस्तकांच्या कपाटाकडे होतं. तिचा चेहरा मी कितीतरी वर्षांत तसा पाहिला नव्हता. बाजारातून उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तसा.

मी म्हणालो, आई, तो फोन होता.

"फोन मला आये कशाला म्हनंल?" ती म्हणाली.

मला 'हाय' ऐकू आलं होतं, तिला 'आये'. एकाच आवाजातून दोन माणसांना दोन शब्द ऐकू येतात, यात अशक्य काही नाही. तिचं वय एक्याऐंशी, कान कमी. मी हे सगळं तेव्हा मनात मांडलं, आणि मग माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी विचारलं, "आई, पहिल्याच हाकेला ओ दिलीस? तूच शिकवलंस ना तीनचं?"

"ते तुमच्यासाठी हुतं. लेकरांसाठी." तिने डाळ सुपात सारखी केली. "आईला कसली आलीया तिसरी? आईला पयलीच पुरं."

मग मी तिला सांगितलं. एकोणचाळीस वर्षं जे सांगितलं नव्हतं ते. की तो होडीत होता, की त्याने मला दोनदा हाक मारली, की मी उभा राहिलो.

आई डाळ निवडत राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला वाचाया येत न्हाई, पर तुजं तोंड येतं वाचाया. त्याला कुनी ओ दिली न्हाई एवढंच लागून ऱ्हायलं हुतं माज्या जीवाला. आता दिली मी. आता तू नगं मोजत बसू."

तिने नववं प्रकरण वाचलेलं नव्हतं. ओ देणाऱ्याला पुढचं काय करावं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. तिचा हात माझ्या डोक्यावर होता, आणि मी दुसऱ्यांदा गप्प राहिलो.

७

त्यानंतर आई पंधरा दिवस चांगली होती. जेवायची, शेजारच्या सगुणाबाईशी दारात बसून बोलायची, तृप्तीच्या चुका काढायची. फक्त एक वेगळं झालं. सकाळी मी कामावर निघालो की विचारायची, "नाव आली का रं?"

मतदारयादीचं काम चालू होतं आणि तिचं नाव मागे एकदा गळलं होतं. मी म्हणायचो, येईल, अर्ज केलाय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोटरसायकलवर, भर रस्त्यात, माझ्या लक्षात आलं की यादीतलं नाव 'येतं'. ती 'आली का' विचारत होती.

वीस फेब्रुवारीला, गुरुवारीच, सकाळी तृप्तीने चहा नेला तेव्हा आई गेलेली होती. कुशीवर झोपलेली, पाय पोटाशी घेतलेले, अंग चोरून. एवढी रुंद खाट, पण ती भिंतीला चिकटून एका कडेला होती, दाटीवाटीत बसल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. जुन्या गावचेही लोक आले. भंतेजींनी परित्राण पाठ घेतला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी दीडशे पान उठलं. शैलेश आला होता. त्याने जपानी प्रतीबद्दल विचारलं नाही आणि मीही ती परत करायचं काढलं नाही.

महिनाभर मी कपाट उघडलं नाही. आईने 'नगं मोजू' म्हटलं होतं. तिचं ऐकलं, असं मी डायरीत लिहिलं आहे. भीती वाटत होती, असं लिहायला हवं होतं.

८

सत्तावीस मार्च. काचेच्या आत हंगेरियन प्रतीच्या कण्यावर बुरशीचा पांढरा ठिपका दिसला. तो तसाच सोडणं माझ्या हातून झालं नाही. प्रत काढली, मऊ ब्रशने ठिपका झाडला, आणि पानांत पसरलाय का हे बघायला चाळली.

या हंगेरियन प्रतीत प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर काडेपेटीएवढं चित्र आहे. नवव्याचं चित्र होडीचं, मागून काढलेलं. प्रवाशांच्या नुसत्या पाठी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मला ते भिंगाखाली पाठ आहे. उंच टोपीचा माणूस, गाठोडंवाला, दोन बायका, त्यांच्या डोक्याला गाठ मारलेले रुमाल.

भिंग घेतलं. टोपी, गाठोडं, रुमाल. अकराव्या पाठीनंतर एक सडपातळ मुलगा होता, मान थोडी वाकडी करून बसलेला. किसन मान अशीच ठेवत असे. पण सोळा-सतरा वर्षांची कितीतरी मुलं अशी बसतात. त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई. तिच्या डोक्यावर रुमाल नव्हता. पदर होता, कानामागे खोचलेला, आणि मागे काष्टा.

बुडापेस्टच्या चित्रकाराला काष्टा कुठून ठाऊक असेल?

मी भिंग आणखी जवळ नेलं, आणि मग जे दिसलं त्यामुळे मी पुस्तक मिटलं. फळी तेराही जणांना पुरेशी होती. तरी ती दोघं एकमेकांना खेटून, अंग चोरून बसली होती. तिच्या बाजूला फळीचं एक टोक मोकळं होतं. सरकून जागा केली होती.

९

आज तीन एप्रिल, गुरुवार. दुपारचे साडेतीन झालेत. मी पुस्तकांच्या खोलीत टेबलाशी बसून हे लिहितो आहे. कपाटाला कुलूप आहे, किल्ली तृप्तीच्या डब्यात.

वरचा मजकूर लिहून होत आला होता तेव्हा, साधारण अर्ध्या तासापूर्वी, हाक आली. "परमूद." मला असं एकच माणूस म्हणायचं. जोडाक्षर तिच्या जिभेवर कधी बसलं नाही.

मी लेखणी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. मोटारीचा आवाज असेल. घोटावड्याच्या रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक सारखे चालू असतात. उन्हात पत्रा तापला की माणसासारखं कण्हतो. अशी सगळी कारणं मी ओळीने मांडली. काही मिनिटं गेली. "परमूद." मी कागदाच्या कोपऱ्यावर दोन रेघा मारल्या. ओ दिली नाही. तेरा वर्षांचा होतो तेव्हा जे केलं तेच केलं. फरक इतकाच की यावेळी तिसरी येऊ नये म्हणून थांबलो होतो.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला आणि तृप्ती तिकडून म्हणाली, "अहो, कोन बाई तुमाला हाक मारतीया. ओ तरी द्या. तीनदा झालं."

मी कागदाकडे पाहिलं. रेघा दोन होत्या. मी दोनच मोजल्या होत्या.

तिला नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण तृप्तीचा स्वभाव मी लिहिलाच आहे. दारी आलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं तिला सहन होत नाही. मी उठेपर्यंत ती ओल्या हाताने मागच्या दाराशी गेली होती, आणि नवऱ्यासाठी बायकांनी ज्या आदराने बोलायचं असतं त्या आदराने, खणखणीत आवाजात तिने माझ्या वतीने सांगितलं:

"हायेत, हायेत. हितंच हायेत."

मग ती आत आली. म्हणाली, दारात कोणीच नाही, भाजीवालीबिजी असेल, पुढे गेली. पदराला हात पुसले आणि पुन्हा भांड्यांना लागली.

होडीच्या नियमात ओ कोणी द्यायची एवढंच आहे. दुसऱ्याने त्याच्या वतीने दिली तर चालते का, याबद्दल पुस्तकात काही नाही. मी सव्वीस भाषांत शोधू शकतो, पण कपाट उघडणार नाही. मोजणारही नाही. चौदा असतील.

मला एवढंच कळतं की आता पुढची हाक माझी आहे. आणि या घरात माझ्याशिवाय एकच माणूस आहे.

मघापासून तिचं नाव तीनदा माझ्या तोंडाशी आलं. काही काम नसताना, पाणी हवं नसताना, नुसतंच. मी दात आवळून लिहीत बसलो आहे. लिहिता येतं तोवर बोलावं लागत नाही. पण पान संपत आलं आहे, आणि तृप्ती पहिल्याच हाकेला ओ देते.